गाडीत पाणी शिरलं? आधी चावी खिशात ठेवा



पावसाळा जवळ आला की आपण छत्र्या शोधतो, रेनकोट झटकतो, मुलांच्या दप्तरांना प्लॅस्टिकची कव्हरं चढवतो. गाडीची तयारी मात्र वायपर बदलले आणि टायर बघितले की संपते. त्यामुळे खरंच रस्त्यात गुडघाभर पाणी भरतं आणि गाडी मधोमध बंद पडते, तेव्हा पुढे काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं. मग जे सुचतं ते आपण करतो. पुन्हा सेल मारतो. आणि नेमकं तेच करायचं नसतं!

म्हणून आज बोलूया इंजिनात शिरलेल्या पाण्याबद्दल. कार, स्कूटर आणि कोकणातल्या वाचकांसाठी होडीचं इंजिनसुद्धा. तिघांचा आजार एकच आहे आणि तिघांचा पहिला उपायही एकच आहे. मी काही मेकॅनिक नाही, त्यामुळे पाना घेऊन इंजिन कसं खोलायचं हे शिकवणार नाही. पण मेकॅनिक येईपर्यंत आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढं प्रत्येक घरात माहीत हवं.

ट्रॅक्टर चालला, महागडी गाडी बुडाली

सप्टेंबर २०२२ मधलं बंगळुरू आठवतंय? ४ तारखेच्या रात्री मुसळधार पाऊस झाला आणि ५ तारखेला सकाळी बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड, येमलूर, आउटर रिंग रोड हा सगळा आयटीचा पट्टा पाण्याखाली होता. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथे पूर कसा येईल, असं बाहेरच्यांना वाटतं. पण जुन्या बंगळुरूत एका तलावाचं जास्तीचं पाणी नाल्यातून खालच्या तलावात जायचं. या नाल्यांना इथे राजकालुवे म्हणतात. नाले अरुंद झाले, काहींवर बांधकामं आली आणि पाण्याला रस्त्याशिवाय वाट उरली नाही.

त्या आठवड्यातले फोटो देशभर फिरले. बंगल्यांच्या आवारात कोट्यवधींच्या गाड्या छतापर्यंत बुडालेल्या, आणि लॅपटॉपच्या बॅगा छातीशी धरून ऑफिसला निघालेली मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी! अनेकांनी त्यावर विनोद केले. पण त्यात एक साधा धडा आहे. ट्रॅक्टर का चालला? तो जास्त ताकदवान होता म्हणून नव्हे, तर त्याचं नाक उंचावर होतं म्हणून.

हो, इंजिनालाही नाक असतं. इंधन जाळायला हवा लागते आणि ती हवा एका नळीतून, एअर फिल्टरमधून आत येते. बऱ्याच ट्रॅक्टरांमध्ये हवा घेणारं तोंड बॉनेटच्या वर असतं आणि सायलेन्सरही आकाशाकडे तोंड करून उभा असतो. आपल्या कारमध्ये ही नळी बहुतेक वेळा बंपरच्या मागे, हेडलाइटच्या आसपास किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला असते. पाणी या नळीच्या तोंडापर्यंत पोहोचलं, की चालू इंजिन हवेऐवजी पाणी ओढून घेतं. मग गाडी १० लाखांची असो वा २ कोटींची.

दोन चमचे पाणी पुरतं

आता आत नेमकं काय होतं ते बघूया. शाळेत शिकलेलं विज्ञान आठवा. सायकलचा पंप बोटानं बंद करून दाबला तर हवा दबते. त्याच पंपात पाणी भरून दाबून बघा, दट्ट्या जागचा हलणार नाही. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही.

इंजिनाचा पिस्टन हेच काम करतो. पेट्रोल इंजिनात तो आत आलेली हवा साधारण १० पट दाबतो, तर डिझेलमध्ये १६ पट किंवा त्याहूनही जास्त. आता हिशोब करा. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या कारमध्ये एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. पिस्टन वर गेल्यावर तिथे जागा उरते ती जेमतेम ३३ मिलिलिटर. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्यानं दोन चमचे आणि वर थोडं. ११० सीसीच्या स्कूटरमध्ये ही जागा सुमारे १२ मिलिलिटर, म्हणजे एक चमचासुद्धा नाही! त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही.

इंजिन बंद असेल तर हे पाणी गुपचूप बसून राहतं. काही मोडत नाही. पण इंजिन चालू असेल तर? कार नुसती उभी असतानाही इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला १३. त्या वेगात पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला मेकॅनिक हायड्रोलॉक म्हणतात. क्लेमच्या कागदांवर हायड्रोस्टॅटिक लॉक असा शब्द दिसेल, तो हाच.

इंजिन बंद पडल्यावर आपण पुन्हा सेल मारतो तेव्हा काय होतं? कधी स्टार्टर अडकतो आणि नुसता 'टक्' आवाज येतो. तेव्हा आपण थोडक्यात वाचलेलो असतो. पण समजा चारपैकी एकाच सिलिंडरमध्ये पाणी आहे आणि बाकीचे तीन कोरडे आहेत. कोरड्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं, त्याचा सगळा जोर पाणी भरलेल्या चौथ्या पिस्टनवर जातो आणि रॉड वाकतो. वाईट म्हणजे थोडासा वाकलेला रॉड लगेच कळतही नाही. गाडी सुरू होते, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि काही आठवड्यांनी तोच रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो.

म्हणून लक्षात ठेवा, आत शिरलेलं पाणी काढता येतं. वाकलेला रॉड सरळ करून पुन्हा बसवत नाहीत. इंजिन खोलून नवा घालावा लागतो.

गाडीआधी माणसं

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. इंजिन वाचवणं ही दुसरी पायरी आहे.

२१ मे २०२३ रोजी बंगळुरूच्या के. आर. सर्कल अंडरपासमध्ये अचानक आलेल्या पावसानं पाणी भरलं. एक कुटुंब भाड्याच्या कारमधून जात होतं. गाडी पाण्यात अडकली. इतरांना बाहेर काढता आलं, पण त्यातल्या एका २२ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा दिवस विसरता येणार नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्यात उभ्या असलेल्या बंद गाड्यांमध्ये अडकूनही काहींनी प्राण गमावले.

त्यामुळे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा:

- अंडरपासमध्ये पाणी दिसलं आणि तळ दिसत नसेल, तर आत जायचंच नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईलच असं नाही.
- वाहतं पाणी फसवं असतं. जेमतेम १५ सेंटीमीटर जोरात वाहणारं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं आणि ३० सेंटीमीटर पाणी छोट्या कारला वाहून नेऊ शकतं.
- गाडी बंद पडली आणि पाणी वाढत असेल, तर लगेच काचा खाली करा, सीटबेल्ट काढा, आधी मुलांना बाहेर काढा. पाणी दरवाज्यावर दाब देऊ लागलं की दरवाजा उघडत नाही आणि काचेचं बटणही कधी दगा देईल सांगता येत नाही.
- काच फोडायची वेळ आली तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती सहज फुटत नाही.

गाडी पुन्हा मिळते. एवढं पक्कं झालं, की मग इंजिनाकडे वळूया.

कार पाण्यात बंद पडली तर

१. चावी फिरवायची नाही. पुश बटण असेल तर बटण दाबायचं नाही. एकदाही नाही. 'फक्त बघतो चालू होते का' असंही नाही.

२. धक्का मारून गियरमध्ये टाकून सुरू करण्याचा प्रयत्नही करू नका. त्यानं तेच होतं जे सेल मारून होतं, उलट जास्त जोरात.

३. माणसं सुरक्षित असतील आणि पाणी ओसरलं असेल, तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा. पाण्याची रेषा दारावर, सीटवर कुठपर्यंत आली ते दिसू द्या. हे फोटो पुढे विम्यासाठी उपयोगी पडतात.

४. जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. त्यामुळे शॉर्टसर्किटचा धोका कमी होतो आणि घरातल्या कुणा उत्साही माणसानं बटण दाबलं तरी गाडी सुरू होत नाही!

५. गाडी टोचन करून न्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये. ऑटोमॅटिक गाडी असेल तर शक्यतो अख्खी गाडी उचलून नेणारी ट्रकवाली सेवा बोलवा. चाकं फिरवत ओढल्यानं काही ऑटोमॅटिक गियरबॉक्स खराब होतात.

६. बंगळुरूत असाल आणि मेकॅनिकदादांना मराठी-हिंदी कमी समजत असेल, तर हे एक वाक्य मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा: "नीरु ओळगे होगिदे, स्टार्ट माडबेडी." म्हणजे, पाणी आत गेलंय, स्टार्ट करू नका. गॅरेजमधली मुलंही गाडी आत घ्यायला सवयीनं सेल मारतात. हे वाक्य त्यांच्यासाठी.

गॅरेजमध्ये काय व्हायला हवं तेही माहीत असू द्या, म्हणजे प्रश्न विचारता येतील. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघतात. फिल्टर कोरडा असेल तर बरीच आशा आहे. ओला असेल तर स्पार्क प्लग काढतात, डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. मग इंजिन हातानं, पान्यानं हळूहळू फिरवतात. वरची भोकं उघडी असल्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. त्यानंतर ऑईलची पट्टी बघतात. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. ते सगळं काढून नवं ऑईल आणि नवा ऑईल फिल्टर घालावा लागतो. इंजिन सुरू होऊन नीट तापल्यावर, थोडं चालवून, ऑईल पुन्हा एकदा बदललेलं चांगलं. पहिल्या ऑईलमध्ये उरलेला ओलावा उतरतो.

आणि हो, बेसमेंटमध्ये बंद उभी असलेली गाडी बुडाली असेल तर घाबरून जाऊ नका. तिचं इंजिन फिरत नव्हतं, म्हणजे रॉड वाकण्याचं कारणच घडलेलं नाही. वायरिंग, सीट, गालिचे यांचा खर्च येईल, पण इंजिन बऱ्याचदा वाचतं. पाणी ओसरल्यावर कुणी हौसेनं सेल मारला नाही, तर! सोसायटीच्या बेसमेंटमधला डिझेल जनरेटर बुडाला असेल तर त्यालाही हाच नियम लागू. वॉचमन काकांना आजच सांगून ठेवा.

स्कूटर आणि बाईकचं काय?

दुचाकीचा सायलेन्सर खाली असतो, म्हणून तो पाण्यात बुडाला की आपल्याला धडकी भरते. इंजिन चालू आहे तोवर बाहेर येणारा धूर पाण्याला बराच अडवतो. इंजिन बंद पडलं की पाणी सायलेन्सरमध्ये शिरतं. म्हणून पाण्यातून जाताना एक्सलरेटर एकदम सोडू नका, हळू आणि एकसारख्या वेगानं जा. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर जाऊच नका.

तरीही बंद पडलीच तर किक मारू नका, सेल्फही मारू नका. गाडी ढकलत कोरड्या जागी न्या, मेन स्टँडवर लावा आणि कुणाच्या तरी मदतीनं थोडी मागे कलती करून सायलेन्सरमधलं पाणी निथळू द्या. त्यानंतर मेकॅनिकला प्लग काढून बघायला सांगा. प्लग बाहेर काढून, चावी बंद ठेवून, हळू किक मारली की आतलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं. अशा वेळी तोंड त्या भोकासमोर आणू नका. एअर फिल्टर भिजला असेल तर बदलावा लागतो. स्कूटरच्या बेल्टच्या डब्यातही पाणी जातं. बेल्ट ओला असेल तर गाडी आवाज करते पण पळत नाही.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बहुतेक बीएस-६ गाड्यांमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असतं. त्यामुळे 'कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारली की चालू' हा बाबांच्या काळातला उपाय नव्या गाडीवर चालत नाही. सेन्सर आणि कनेक्टर सुकवायला जाणकार हात हवा.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनो, तुमच्याकडे पिस्टनच नाही, त्यामुळे हायड्रोलॉकही नाही. पण खूश होण्याआधी थांबा. अनेक बॅटऱ्यांवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीच्या खोलीत. रात्रभर चिखलाच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला तो शब्द लागू होत नाही. बुडालेली ई-स्कूटर घरात आणू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उघड्या जागी उभी करा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.

होडीवाल्यांना आधीच माहीत असलेलं

आपल्यासाठी इंजिनात पाणी शिरणं हा अपघात. ज्यांचं रोजचं काम पाण्यावर चालतं, त्यांच्यासाठी ती नेहमीची भीती. कोकणात मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा होड्यांचं मोठं नुकसान झालं. आणि वादळ नसतानाही एखादी लाट उलटली, की मागे लावलेलं इंजिन थेट समुद्रात.

खाऱ्या पाण्याची गंमत अशी, की इंजिन पाण्याखाली असताना ते जेवढं गंजतं, त्याहून झपाट्यानं बाहेर काढल्यावर गंजतं. मीठ, ओलावा आणि हवा हे तिघं एकत्र आले की काही तासांत गंज धरायला लागतो. म्हणून जाणकार दोन गोष्टी सांगतात. इंजिन बाहेर काढलं की लगेच गोड्या पाण्यानं आतूनबाहेरून धुवायचं, पाणी निथळवायचं, सिलिंडरमध्ये तेल सोडायचं आणि त्याच दिवशी सुरू करून तापवायचं. आणि त्या दिवशी मेकॅनिक मिळणारच नसेल, तर इंजिन उघड्यावर ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं! ऐकायला उलटं वाटतं, पण हवा लागली नाही की गंजाचा वेग मंदावतो.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा: बुडालं तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? बंद होतं तर वरचा उपाय. चालू होतं तर रॉड वाकला असण्याची शक्यता धरून चालायचं आणि उघडून बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही. बघा, कारचा आणि होडीचा नियम एकच निघाला.

मोठ्या होड्यांत इंजिन आत बसवलेलं असतं. त्यातल्या काहींमध्ये थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी पंपानं आत घेतात आणि ते धुराबरोबर बाहेर टाकतात. अशा होडीत इंजिन सुरू होत नाही म्हणून सेल मारत राहिलं, तर पंप पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि मागच्या वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणजे होडी न बुडताही इंजिनात पाणी! म्हणून दोन-तीनदा प्रयत्न करून इंजिन घेत नसेल, तर पाण्याचा कॉक बंद करायचा आणि मगच पुढचं बघायचं. इंजिन सुरू झालं की कॉक लगेच उघडायला विसरायचं नाही.

तिसरा प्रकार निवांत बसलेल्या इंजिनाचा. महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. दोन महिने दमट, खारट हवेत होडी उभी राहते आणि ऑगस्टमध्ये इंजिन फिरतच नाही. हा हायड्रोलॉक नव्हे. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. इथे जोर लावला तर रिंगा तुटतात. प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून गंज सोडवणारं तेल घालून दोन-चार दिवस वाट बघायची. मग पान्यानं अगदी थोडं पुढे, थोडं मागे. रोज थोडं तेल, रोज थोडं हलवणं. बऱ्याचदा इंजिन सुटतं. आणि बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा इंजिन हातानं फिरवत राहिलं, तर ही वेळच येत नाही. महिनोन् महिने गावी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला आणि आजोबांच्या जुन्या स्कूटरलाही हे लागू पडतं.

विम्याचा कागद आत्ताच उघडा

आता पैशांचं बोलूया, कारण इंजिन उघडायचं म्हणजे मोठं बिल. 'आपला तर इन्शुरन्स आहे' असं आपण म्हणतो. कोणता आहे ते बघितलंय?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात झालेल्या आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पूर येतो. पण त्याच पॉलिसीत असंही लिहिलेलं असतं की अपघाताच्या मागोमाग ओढवलेलं नुकसान आणि यांत्रिक बिघाड यांचे पैसे मिळणार नाहीत. वाद इथेच होतो. पाणी भरलं हा पूर, पण पाणी भरल्यावर तुम्ही सेल मारला आणि रॉड वाकला, हे तुम्ही ओढवून घेतलेलं नुकसान, असं कंपनी म्हणू शकते. सर्व्हेअर इंजिन उघडून बघतो आणि वाकलेला रॉड त्याला दिसतो. म्हणजे चावीची एक फिरकी दोनदा महागात पडते, एकदा इंजिनाला आणि एकदा क्लेमला.

यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जोड कव्हर मिळतं. त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. पण त्याच्याही अटी असतात, म्हणून ते आहे म्हणून सेल मारायची मोकळीक मिळते असं समजू नका. सखल भागात राहत असाल, बेसमेंटमध्ये गाडी लावत असाल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटला याबद्दल नक्की विचारा.

नुकसान झालंच तर गाडी दुरुस्तीला उघडण्याआधी कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची फी नसते, वकीलही लागत नाही. बंगळुरू, मुंबई आणि पुणे या तिन्ही शहरांत त्यांची कार्यालयं आहेत. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करायला हवी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही एक सूचना. पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. गालिचा उचलून खाली गाळ आहे का बघा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा दिसते का बघा. आणि एसी न लावता, काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास लपवता येत नाही.

घरच्यांसाठी दहा मिनिटांचं काम

आज संध्याकाळी मुलांना सोबत घेऊन बॉनेट उघडा आणि गाडीचं नाक शोधा. एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारी काळी नळी कुठे संपते ते बघा. ते तोंड जमिनीपासून किती उंच आहे, हे टेपनं मोजा. मुलांना मजा येईल आणि तुम्हाला कळेल, की आपली गाडी नेमक्या किती पाण्यापर्यंत आपली आहे. पण तेवढ्या पाण्यात गाडी घालायची नाही, बरं का! गाडी पुढे जाते तेव्हा समोर पाण्याची लाट उठते आणि बाजूनं बस गेली तर ती आणखी उंच होते.

मग विम्याची पॉलिसी मोबाईलवर उघडून 'इंजिन प्रोटेक्ट' हे शब्द शोधा. कंपनीचा क्लेमचा नंबर आणि टोचनवाल्याचा नंबर एका कागदावर लिहा. त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: पाण्यात बंद पडली तर चावी काढा, माणसं बाहेर, सेल मारायचा नाही. तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा, जिथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दिसेल. आजोबांना, नव्यानं लायसन्स मिळालेल्या ताईला, ड्रायव्हरकाकांना आणि वॉचमन काकांना तो एकदा वाचून दाखवा.

पाऊस आपल्या हातात नाही, नालेही आपल्या हातात नाहीत. चावी मात्र आपल्याच हातात असते. तिला त्या वेळी खिशात ठेवायचं, एवढंच लक्षात असू द्या.

काळजी घ्या आणि हा लेख घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा. पावसाळ्यात कुणाच्या तरी उपयोगी पडेल!